जाड पिन, बारीक पिन

नोकियाचे चार्जर दोन जातींचे. जाड पिनचा आणि बारीक पिनचा. जाड म्हणजे साडेतीन मिलिमीटर, बारीक म्हणजे दोन. ३३१०, ११००, ६६०० हे सगळे जाड पिनवाले. २००५-०६च्या सुमाराला नवे सेट बारीक पिन घेऊन आले आणि एकाच घरात दोन पक्ष झाले. वडिलांचा जाड, मुलाचा बारीक. वसतिगृहात, लग्नाच्या हॉलमध्ये, एसटी स्टँडसमोरच्या चहावाल्याकडं एकच विचारणा चालायची, "बारीक पिन आहे का कुणाकडं?" तोडगा म्हणून पेराएवढी एक जोडणी मिळायची: एका बाजूला जाड पिन जाईल असं भोक, दुसऱ्या बाजूला बारीक पिन. ती इतकी लहान होती की हरवण्यासाठीच बनवली असावी.

हे झालं नोकियापुरतं. सोनी एरिक्सनची रुंद पट्टी, सॅमसंगची वेगळी रुंद पट्टी, मोटोरोलाला मिनी यूएसबी. दुकानात एक वायर मिळे, तिला टोकाशी दहा-बारा तोंडं फुटलेली. त्यातलं आपलं एक, बाकीची वायर तुटेपर्यंत तशीच लोंबकळायची. २००९ मध्ये युरोपात मोठ्या कंपन्यांनी मायक्रो यूएसबीला मान्यता दिली, आता टाइप-सी आलं, कुणाचाही चार्जर कुणालाही चालतो. सोय झाली. या बाबतीत मला गेल्या दिवसांचा काडीचाही उमाळा नाही.

चिमटा चार्जरचा मात्र थोडा आहे. फोनमधून बॅटरी काढायची, चिमट्यात धरायची, आतल्या दोन पत्र्याच्या काड्या नखानं सरकवून बॅटरीच्या सोनेरी पट्ट्यांवर टेकवायच्या आणि अख्खं प्रकरण भिंतीवरच्या बोर्डात खुपसायचं. काड्या बरोबर बसल्या तर लाल, हिरवे, निळे दिवे लुकलुकत. नाही बसल्या तर सकाळी बॅटरी तशीच रिकामी. जत्रेत पन्नास रुपयांच्या आत मिळणारी ही वस्तू कुठल्याही कंपनीला ओळखत नव्हती. कुठलीही बॅटरी आणा. रात्री अंधाऱ्या खोलीत तिचे दिवे छतावर नाचत आणि घरातलं लहान पोर त्याकडं बघत झोपत असे.

आणि बोर्डात वीज असायला हवी. २००५ नंतरची काही वर्षं महाराष्ट्राच्या खेड्यांत भारनियमनाची. दिवसाचे बारा-बारा तास लाइट नाही. आली तर रात्री, तीही शेतीपंपांसाठी. मोबाईल नेमका याच काळात गावात शिरला. त्यामुळं 'बॅटरी किती काड्या आहे' हा प्रश्न वेळ विचारल्यासारखा विचारला जाई. किराणा दुकानात इन्व्हर्टर असेल तर गल्ल्यामागं पाच-सहा फोन एका एक्स्टेन्शन बोर्डाला टांगलेले दिसत. प्रत्येकाला रबरबँडनं चिठ्ठी. दुकानदार पाच रुपये घ्यायचा आणि मधे फोन आला तर उचलून सांगायचा, "चार्जिंगला लावलाय, संध्याकाळी करा." कुणाला कुणाचा फोन येतो हे सगळ्या गावात त्याला सर्वांत आधी कळायचं. मायक्रोमॅक्सनं २००८ मध्ये महिनाभर बॅटरी टिकेल असा दावा करत एक्स-वन-आय नावाचा फोन काढला. तो का खपला हे शहरातल्या माणसाला समजावून सांगावं लागतं.

बॅटरीचं नाव बीएल-५सी. फोनचा मॉडेल नंबर ज्यांना ठाऊक नसे त्यांनाही बॅटरीचा पाठ असे, कारण ती बदलायला लागायची. जुनी झाली की फुगते. फुगली की नाही हे बघायची रीत ठरलेली होती: टेबलावर आडवी ठेवून बोटानं गिरकी द्यायची. भिंगरीसारखी फिरली तर गेली. दुकानदार ही परीक्षा गिऱ्हाइकासमोर घ्यायचा आणि गिऱ्हाईक मुकाट पैसे काढायचं.

ऑगस्ट २००७ मध्ये नोकियानंच इशारा दिला की डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात मात्सुशिता कंपनीनं बनवलेल्या बीएल-५सी चार्जिंगला असताना तापू शकतात. आकडा होता ४ कोटी ६० लाख. टीव्हीवर बातमी आली आणि त्या संध्याकाळी बसमध्ये, कचेरीत, कट्ट्यावर माणसं फोनची पाठ उघडून चष्म्यातून बारीक अक्षरं वाचत होती. तापण्याचे प्रकार जगभरात शंभराच्या आसपास नोंदले गेले होते. आमच्याकडं त्याचे बॉम्ब झाले. स्फोटात कुणाचा तरी कान गेल्याचं प्रत्येकानं ऐकलं होतं. तो कान बघितलेला माणूस मला कधी भेटला नाही.

फोन हलला की बंद पडतो, अशी तक्रार आली तर औषध एकच. सिगारेटच्या पाकिटातला पुठ्ठा किंवा एसटीचं तिकीट दुमडून बॅटरीच्या मागं. पट्ट्या काळ्या पडल्या तर खोडरबर. फोन आपटला तर झाकण एकीकडं, बॅटरी दुसरीकडं, सेट तिसरीकडं. तिन्ही गोळा करून जोडले की स्क्रीनवर दोन हात एकमेकांत मिसळायचे आणि फोन चालू. आताचा फोन पडला की माणूस आधी डोळे मिटतो.

रिचार्जचं कार्ड. त्यावरची राखाडी पट्टी नाण्यानं खरवडायची. नाणं नसेल तर नखानं, मग ती भुकटी नखात दिवसभर. आकडे बऱ्याचदा पुसट, कधी खरवडण्याच्या जोरात एखादा आकडा निघून जाई, मग तीन की आठ यावर दुकानात चर्चा. पुढं दुकानदाराच्या फोनवरून थेट दहा रुपये टाकता येऊ लागले आणि बाजारातून कार्ड गेलं. दहाच्या रिचार्जमध्ये दहाचं बोलणं कधीच मिळत नसे.

२००५च्या अखेरीपासून कंपन्यांनी 'लाइफटाइम'चा बार उडवला. ९९९ रुपये भरा, आयुष्यभर इनकमिंग चालू. कुणाचं आयुष्य, ते बारीक टायपात होतं: कंपनीच्या परवान्याचं.

मिस कॉलवर खूप लिहून झालंय, तरी त्याचा मूळ हिशेब नोंदवायला हवा. ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्यातून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांना फोन केला, तो देशातला पहिला मोबाईल कॉल. त्या काळात मिनिटाला आठ ते सोळा रुपये पडत, आणि आलेल्या कॉललाही पैसे लागत. फोन वाजला की खिशाला धाक. मे २००३ पासून इनकमिंग फुकट झालं, त्याच पावसाळ्यात रिलायन्सनं ५०१ रुपयांत हँडसेट हातात ठेवला, आणि ज्यांच्याकडं फोन घेण्यापुरते पैसे होते पण फोन करण्यापुरते नव्हते असे असंख्य लोक एकदम मोबाईलवाले झाले. त्यांनी मिस कॉल रूढ केला. एक रिंग म्हणजे पोचलो. दोन म्हणजे तू फोन कर. खालून एक रिंग म्हणजे जिना उतर. चुकून समोरच्यानं उचललाच तर जो संताप व्हायचा, तो रुपया गेल्याचा असायचा. ठरलेला संकेत मोडल्याचा त्याहून जास्त. २०११ मध्ये अण्णा हजारेंच्या आंदोलनात पाठिंब्यासाठी मिस कॉल द्या म्हणून नंबर फिरले आणि लोकांनी ते लाखांनी दिले. त्याची सवय त्यांना आधीच होती, त्यात फक्त कारण नवं होतं.

आता कुणी मिस कॉल देत नाही. फोन उचलला जात नाही, ते निराळं.

संदेशाची मर्यादा १६० अक्षरांची. ही रोमन अक्षरांची. एका संदेशात १४० बाइट मावत. रोमन अक्षराला सात बिट पुरत म्हणून १६०, आणि देवनागरीला सोळा लागत म्हणून ७०. या सत्तरात काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडल्याची खूण हे सगळं स्वतंत्र मोजलं जाई. 'स्त्री' दिसायला एक अक्षर, बिलाला सहा. ज्या काळात संदेशाला रुपया पडत होता, त्या काळात हा भुर्दंड कोण सोसणार? काही सेटांवर मराठी उमटायचं, पण लिहिणारे विरळा. सगळा महाराष्ट्र रोमन लिपीत मराठी लिहू लागला, तीही स्वर गाळून. ती सवय आज देवनागरी कीबोर्ड फुकट असतानाही गेलेली नाही. लिपीचा तोटा कुणी कट करून केला नव्हता. एका संदेशात किती बाइट मावतात यावरून तो झाला.

त्यात टी-नाइन. तीन-चार अक्षरांच्या बटणांवर एकेकदाच दाबायचं, शब्द फोन ओळखणार. तो इंग्रजी ओळखायचा. 'आई' लिहायला दोन-दोन-चार दाबलं की स्क्रीनवर 'बॅग' येई. 'काय'ला पाच-दोन-नऊ दाबलं की 'लॉ' किंवा 'जॉ'. कॉलेजातली पोरं टी-नाइन बंद करून, वर्गात बाकाखाली न बघता, अंगठ्यानं सात नंबरचं बटण चारदा दाबून एस काढायची. हे कौशल्य कुठल्याच अर्जात लिहिता येत नव्हतं. माझ्या अंगठ्याला अजून येतं, काही उपयोग नाही.

इनबॉक्स भरला की वर पाकिटाची खूण उघडझाप करू लागे. बाहेर कुणाचा तरी संदेश ताटकळतोय, आत जागा नाही. मग जुन्यांतून कुठला काढायचा ते बसून ठरवायचं. बँकेचा काढायचा, कंपनीचे सगळे काढायचे, मित्राचे पाचकळ विनोद काढायचे, आणि मग अशी वेळ यायची की उरलेल्यांतला एक काढायलाच हवा. या सगळ्या वस्तूंना काठ होता आणि तो दिसत होता. सिममध्ये बहुतेक अडीचशे नावं, त्यातही नावाला मोजकीच अक्षरं. 'बाळासाहेब वा' एवढंच उमटायचं. तो वायरमन की वाघ, हे फोन लावल्यावर कळे. अडीचशेच्या पुढचं नाव घालताना आधीचं एक पुसावं लागे, आणि ते पुसताना माणूस क्षणभर त्या नावाचा विचार करी. आज माझ्या फोनमध्ये किती नावं आहेत मला माहीत नाही. त्यातल्या निम्म्यांचे चेहरेही आठवत नाहीत.

दिवाळीला संदेशाचा पॅक चालत नसे. कंपन्या वर्षातले काही सणाचे दिवस वगळत, त्या दिवशी पूर्ण दर. म्हणून शुभेच्छा वसुबारसेलाच येऊन पडायच्या, 'नेटवर्क बिझी होण्याआधी' असं म्हणत. सप्टेंबर २०११ मध्ये ट्रायनं दिवसाला शंभर संदेशांचं कुंपण घातलं, नको त्या जाहिराती रोखायला. आणि ऑगस्ट २०१२ मध्ये, अफवांमुळं ईशान्येकडची मुलं बेंगळुरू आणि पुण्यातून गाड्या भरभरून घरी निघाली तेव्हा, सरकारनं काही दिवस एकावेळी पाचच लोकांना संदेश जाईल अशी मर्यादा आणली. एसएमएसला भीती पसरवायची ताकद आहे हे सरकारी पातळीवर मान्य झालं, आणि दोन-तीन वर्षांतच ती ताकद दुसरीकडं गेली. आता एसएमएसमध्ये ओटीपी येतो.

नोकियाचा संदेश आल्याची ती पिपाणी: तीन आखूड, दोन लांब, तीन आखूड. मोर्सच्या लिपीत एस, एम, एस. हे कळलं तेव्हा मी मनापासून खूश झालो होतो. वाजायच्या धूनचं तर सगळ्यांना ठाऊक आहे, फ्रान्सिस्को तारेगा या स्पॅनिश गिटारवादकाची १९०२ मधली रचना, तिच्यातला एक तुकडा. ३३१०वर स्वतःची धून रचता यायची. रविवारच्या पुरवण्यांत आणि स्टँडवरच्या पातळ पुस्तकांत गाण्यांची बटणं छापून येत, अमुक इतक्या वेळा चार, मग स्टार, मग हॅश. तासभर दाबल्यावर जे वाजे ते गाणं आहे हे फक्त दाबणाऱ्याला ओळखू येई.

सापाचा खेळ. टानेली आर्मांटो या अभियंत्यानं १९९७ मध्ये ६११० साठी बनवला. याहून जास्त लिहिण्यासारखं त्यात काही नाही, सगळे खेळलेत.

आणखी एक आवाज गेला, त्याची कुणी नोंद घेतलेली दिसत नाही. फोन वाजायच्या दोन-तीन सेकंद आधी शेजारचा रेडिओ, टीव्ही, संगणकाचे स्पीकर 'टिट्-टिरिट्-टिट् टर्रर्र' करायचे. २जी फोन सेकंदाला २१७ वेळा असा तुटक-तुटक सिग्नल सोडत, तो जवळच्या तारेत शिरे. सप्ताहात कीर्तन रंगात आलेलं असताना बुवांच्या उपरण्यातला फोन माइकमधून असा टर्रर्र करी, आणि पुढं काय होणार हे मंडपातल्या सगळ्यांना बुवांच्या आधी कळे. टाळकरी खाली बघत. ३जी आल्यावर सिग्नल सलग झाला आणि स्पीकर गप्प बसले. आता फोन येण्याची पूर्वसूचना कुणालाच मिळत नाही.

काही वस्तू झटपट. रेक्झिनचं कव्हर, समोर पारदर्शक प्लास्टिक, त्यातूनच बटणं दाबायची. वर्षभरात ते प्लास्टिक पिवळं पडे. पट्ट्याला अडकवायची पाऊच, ती ज्याच्या कमरेला तो ग्रामपंचायत सदस्य किंवा होऊ घातलेला. गळ्यातली दोरी, वाकताना फोन ताटात जायचा. अँटेना, ओढून लांब करायची, दातांनी. फोन येताना लुकलुकणारं बाहुलं. नवी बॉडी: दीडशे रुपयांत वरचं कवच आणि कीपॅड बदलून फोन नवाकोरा, निळ्या दिव्याची बटणं हवी असतील तर जास्तीचे पन्नास. पावसाळ्यासाठी दुधाची धुतलेली पिशवी. कोकणात आणि घाटमाथ्यावर रेंजचा दगड, म्हणजे गावाबाहेरचा असा एक खडक जिथं उभं राहिलं की दोन काड्या येत. तिथं मुंबईचे फोन घ्यायला संध्याकाळी रांग लागायची. काही गावांत तो दगड अजून नोकरीवर आहे.

इअरफोनची वायर हीच एफएमची अँटेना होती. गाणी मोठ्यानं लावायची असली तरी वायर खुपसावी लागे, आणि ती गळ्यात लोंबकळत ठेवून गवंडी, रंगारी, वॉचमन दिवसभर विविध भारती ऐकत. वायर गेली, बिनतारी बोंडं आली आणि त्यांच्यासोबत फोनमधला तो फुकटचा रेडिओही जवळजवळ गेला. यावर कुणी मोर्चा काढला नाही.

'मोबाईलमध्ये गाणी भरून मिळतील.' हा फलक एका काळी तालुक्याच्या प्रत्येक रस्त्यावर होता. आत एक संगणक, एक कार्ड रीडर, आणि एक पोरगा. एका जीबीचं कार्ड द्यायचं, दहा-वीस रुपये द्यायचे. पोरगा न बघता विचारी, "काय टाकू?" फोल्डर आधीच लावलेले: लावणी, भीमगीतं, कोळीगीतं, गोंधळ, भक्ती, जुनी हिंदी, सॅड, डीजे. गिऱ्हाईक म्हणे, "सगळं थोडं थोडं." मग तो त्याच्या मनानं भरे. दोन जीबीच्या कार्डात चारेकशे गाणी बसत. परिणाम असा की एका तालुक्यातल्या सगळ्या फोनमध्ये, रिक्षांत, वडापच्या जीपमध्ये तीच चारशे गाणी त्याच क्रमानं वाजत. विट्याला ऐकलेलं गाणं संपलं की पुढचं कुठलं, हे खानापूरच्या फाट्यावरचा माणूस सांगू शकला असता. गाण्याच्या नावातच दुकानाचं नाव आणि मोबाईल नंबर घुसवलेला असे. डीजेनं तर गाण्याच्या मधोमध स्वतःच्या नावाची आरोळी ठोकलेली. मूळ गाणं आरोळीशिवाय ऐकलं की काहीतरी राहून गेल्यासारखं वाटे.

हे सगळं चोरीचं होतं, यात शंका नाही. संगीत कंपन्यांच्या तक्रारींवरून छापे पडत, संगणक जप्त होत, पोरगा चार दिवस दुकान बंद ठेवी आणि पाचव्या दिवशी भावाच्या संगणकावर सुरू करी. गायकाला, वादकाला यातून दमडी मिळाली नाही, हा त्यातला खरा अन्याय. तरी एवढं म्हणेन, आज माझ्यापुढं कोट्यवधी गाणी आहेत आणि मला काय आवडेल हे एक यंत्र ठरवतं. त्या पोराला माझी आवड ठाऊक नव्हती, ठाऊक करून घ्यायची इच्छाही नव्हती. त्यामुळं मला गोंधळाची गाणी ऐकायला मिळाली.

कार्ड नसेल तर ब्लूटूथ. त्याच्या आधी इन्फ्रारेड, दोन फोन नाकाला नाक लावून टेबलावर ठेवायचे आणि कुणी टेबलाला धक्का लावायचा नाही.

चायनाचा फोन हे स्वतंत्र प्रकरण आहे. पाठीला चार, सहा, कधी आठ स्पीकर. दोन सिम. ओढून काढायची टीव्हीची अँटेना. नावं अशी की लांबून नोकियाच वाटावा. मुंबईत मनीष मार्केट, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली इथून ते गावोगाव जात. एसटीत मागच्या बाकावर असा एक फोन वाजला की वाहकाला घंटी ऐकू येत नसे. त्यातल्या लाखो फोनना आयएमईआय नावाचा पंधरा आकडी ओळख क्रमांकच नव्हता, किंवा पंधराही शून्यं होती. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून लोक आपापल्या फोनची जात तपासत. ३० नोव्हेंबर २००९च्या मध्यरात्रीपासून असे फोन बंद होणार म्हटल्यावर १९९ रुपयांत अधिकृत केंद्रावर नंबर टाकून घेण्याची सोय निघाली. गल्लीतले दुरुस्तीवाले तेच काम 'सॉफ्टवेअर मारून' स्वस्तात करून देत. एकच नंबर किती फोनांत मारला जात होता, हे त्यांनाच ठाऊक.

नोकिया ११००च्या डोक्यावर एक दिवा होता. सी दाबून धरलं की पेटे. २००३ मध्ये आलेला हा फोन जगभरात पंचवीस कोटींहून अधिक खपला. धूळ शिरू नये म्हणून एकसंध रबरी कीपॅड, घामात निसटू नये म्हणून कडेला खरखरीत पकड. आमच्याकडं तो दिव्यासाठी घेतला गेला. शेतीची वीज रात्री. रात्री दोनला मोटर चालू करून उसाला पाणी द्यायचं, दारं धरायची, म्हणजे वाफा भरला की खोऱ्यानं एका सरीचं तोंड बुजवायचं आणि दुसरीचं उघडायचं. दोन्ही हातांत खोरं. फोन दातांत. त्या वेळी फोन आला तर तोंडात वाजे. आताच्या फोनला दिवा आहे, त्याहून प्रखर आहे, पण तो दातांत धरता येत नाही आणि चिखलात पडला तर हप्ते राहतात.

नंबरच्या पहिल्या चार आकड्यांवरून माणूस कळायचा. ९४२२ म्हणजे बीएसएनएल, म्हणजे मास्तर, तलाठी, बागायतदार. खेड्यात रेंज फक्त त्याचीच असे. ९८२२ म्हणजे आयडिया, जुना नंबर असेल तर पहिल्यापासून फोन परवडणारा व्यापारी किंवा डॉक्टर. ९८९० एअरटेल. मुंबईत ९८२० ऑरेंज, ९८२१ बीपीएल, ९८६९ डॉल्फिन. ऑरेंजचं २००५ मध्ये हच झालं, २००७ मध्ये व्होडाफोन. बीपीएलचं लूप झालं आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये परवाना संपला तसं लूप बंद पडलं. दरम्यान जानेवारी २०११ पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली. कंपन्या गेल्या, नंबर राहिले. ९४२२चा माणूस आता कुठल्याही कंपनीचा असू शकतो, पण व्हिजिटिंग कार्ड दिलं की अजून लोक त्या चार आकड्यांकडं आधी बघतात आणि वयाचा अंदाज बांधतात.

बीएल-५सी अजून मिळते. ज्या फोनसाठी ती बनली ते संपले, पण स्वस्तातले रेडिओ, पेनड्राइव्हवर अभंग वाजवणारे डबे, खेळण्यांतले स्पीकर यांनी तिचं माप उचललं. तपकीर गल्लीत वेगवेगळ्या छापांच्या बॅटऱ्यांचे ढीग असतात, त्यांवर लिहिलेली क्षमता एकाहून एक चढती आणि आतली बहुधा सारखीच.

जुने फोन भंगारात जातात. मोटरसायकलला भोंगा लावून माणूस येतो, ध्वनिमुद्रित आवाज सांगत असतो की बंद पडलेला, फुटलेला, कसलाही मोबाईल द्या आणि प्लास्टिकचं भांडं घेऊन जा. आईनं मागच्या उन्हाळ्यात दोन दिले. त्या माणसानं झाकणं उघडली, आत बघितलं आणि एक परत केला.

"बॅटरी न्हाय ह्यात, मावशी."

"मग बादली नको, टब दे."

"बिनबॅटरीला मग्गा मिळतो."

आईनं घरात जाऊन रेडिओतली बॅटरी काढून आणली आणि टब घेतला.